पडद्यामागे बसलेले

आशुतोष गोवारीकर यांच्या ‘स्वदेस’मध्ये (२००४) गावात सिनेमा येतो, तो प्रसंग बहुतेकांच्या लक्षात आहे तो गाण्यामुळे. लाईट जाते, शाहरुख खान दुर्बीण काढतो, पोरं तारे बघतात आणि उदित नारायण गाऊ लागतात. गाणं आजही गोड लागतं. त्यासाठी गायकाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि याच सिनेमाच्या छायालेखनासाठी महेश अणे यांनाही मिळाला. माझं लक्ष मात्र गाण्याच्या अलीकडच्या काही क्षणांवर खिळतं. लाईट अजून गेलेली नाही. चौकात पांढरा पडदा ताणलेला आहे, सिनेमा ऐन रंगात आहे आणि माणसं पडद्याच्या दोन्ही बाजूंना बसलेली आहेत.

गाव चरणपूर. गोष्टीत ते उत्तर प्रदेशात आहे, पण चित्रीकरण झालं ते वाईजवळच्या मेणवलीत, नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेचा घाट आहे तिथं. म्हणजे ही चरणपूरची रात्र खरं तर साताऱ्याची. पडद्यासमोर गावातली मानाची माणसं बसली आहेत आणि मागच्या बाजूला, ज्यांना गाव आपल्या पंक्तीला बसवत नाही अशी माणसं. दिग्दर्शक ही व्यवस्था भाषणातून समजावत बसत नाही, बसायच्या जागांतून दाखवतो. प्रोजेक्टर पुढच्या बाजूला आहे. कापड पातळ असल्यामुळं काही उजेड त्यातून आरपार जातो, म्हणून चित्र मागेही उमटतं. पण ते थोडं फिकं, आणि उजव्याचं डावं झालेलं. गोष्ट तीच, गाणी तीच, वेळही तीच. हसू येतं तेव्हा दोन्हीकडं एकदमच येतं. फक्त मागच्यांच्या वाट्याला आलेलं जग उलटं आहे. जातिभेद दाखवण्याची इतकी स्वस्त आणि इतकी अचूक युक्ती हिंदी सिनेमात मला दुसरी आठवत नाही. एक कापड, एक दिवा, बस.

सोलापूरच्या माणसाला ही युक्ती समजावून सांगावी लागत नाही. गणपतीत पेठेपेठेत पडद्यावरचा सिनेमा बघितलेली पिढी अजून धडधाकट आहे. दोन खांबांना किंवा समोरासमोरच्या दोन माड्यांना दोर बांधून रस्त्यावर आडवा पडदा टांगायचा. बहुतेक वेळा मांजरपाटाचाच. सोळा मिलिमीटरचं मशीन टेबलावर, त्याच्यामागं ऑपरेटर, आणि त्याच्याभोवती त्याला नको असलेले पंधरा सल्लागार. मशीन एकच असल्यामुळं रीळ संपलं की सिनेमा थांबायचा. सोळाशे फुटांचं रीळ पाऊण तासाच्या आतच संपतं, म्हणजे तीन तासांच्या सिनेमात मध्यंतरं तीन-चार व्हायची. तेवढ्यात चहा, भांडणं, आणि जागा राखून ठेवलेल्या पोत्यांची उचलाउचल. पुढची जागा भरली की उशिरा आलेल्यांनी मागं जाऊन बसायचं. तिथून नायक डावखुरा दिसायचा आणि नावं उलटी. पूर्व भागात तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली मंडळींच्या गल्ल्यांत तेलुगू सिनेमा लागला, तर आम्हा मराठी पोरांची काहीच अडचण नसे. ती अक्षरं आम्हाला दोन्ही बाजूंनी सारखीच!

आमच्या गल्लीत मागं बसणारे उशिरा आलेले असत, ‘स्वदेस’मध्ये मागं बसणारे जन्मानंच तिथं आलेले आहेत. हा फरक लहान नाही. पण तेव्हा आमच्याकडंही पडद्यामागं कोण कोण बसायचं, त्याची मनातल्या मनात यादी करून बघितली तर ती सगळी उशिरा येणाऱ्यांचीच निघेल, असं छातीठोकपणे मला सांगता येणार नाही.

पडद्याच्या दोन्ही बाजूंनी सिनेमा बघण्याची कल्पना गरिबीतून आली असं वाटतं, पण तिचा सर्वांत थाटाचा प्रयोग पॅरिसमध्ये झाला. १९०० सालच्या जागतिक प्रदर्शनात ल्युमिएर बंधूंनी सुमारे एकवीस मीटर रुंदीचा पडदा लावला होता. तो पाण्यात भिजवून वर चढवत, म्हणजे ओल्या कापडातून उजेड नीट आरपार जाई आणि दोन्हीकडच्या लोकांना चित्र दिसे. तिथं दुसरी बाजू मुद्दाम निर्माण केली होती, जास्त लोकांना बघता यावं म्हणून. तीच दुसरी बाजू चरणपुरात माणसांना दूर ठेवायच्या कामी येते. कापड बिचारं दोन्हीकडं सारखंच वागतं.

आणि हा दोष एकट्या भारतीय खेड्याचा आहे असंही नाही. ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यावर ब्रूम नावाचं मोत्यांच्या व्यापाराचं गाव आहे. तिथलं ‘सन पिक्चर्स’ हे उघड्यावरचं चित्रपटगृह १९१६ पासून चालू आहे. जगातलं सर्वांत जुनं चालू उघडं चित्रपटगृह म्हणून त्याचं नाव घेतात. १९७४ मध्ये बांध घातला जाईपर्यंत मोठ्या भरतीला समुद्राचं पाणी थेट खुर्च्यांखाली यायचं आणि लोक पाय वर घेऊन सिनेमा बघायचे. जवळच विमानतळ आहे, त्यामुळं ऐन प्रेमप्रसंगात पडद्यावरून खरं विमान जातं. पर्यटकांना ही मजा सांगितली जाते. पण याच चित्रपटगृहात कित्येक वर्षं गोऱ्यांच्या खुर्च्या वेगळ्या होत्या, आशियाई मजुरांच्या वेगळ्या आणि आदिवासींच्या वेगळ्या. भरतीचं पाणी सगळ्यांच्या पायांखाली येत होतं, खुर्च्या मात्र आपापल्या जागी. आभाळाला भिंत नसते म्हणून उघड्यावरचा सिनेमा आपोआप सगळ्यांचा होतो, ही समजूत ब्रूममध्येही खोटी ठरते आणि चरणपुरातही.

उघड्यावरचा सिनेमा थाटात चालतो अशाही जागा आहेत. अथेन्समध्ये अक्रोपोलिसच्या पायथ्याशी १९३५ पासून चालू असलेलं ‘सिने थिसिओ’ आहे. स्वित्झर्लंडमधल्या लोकार्नोच्या महोत्सवात मुख्य चौकात आठ हजार माणसं एका वेळी सिनेमा बघतात. तिथल्या आयोजकांना भीती असते ती पावसाची. आमच्याकडं पावसाची भीती कोणाला वाटणार, असं बाहेरचा माणूस विचारील. हा तर अवर्षणाचा जिल्हा! पण सोलापुरात वर्षातला सर्वांत जास्त पाऊस पडतो तो सप्टेंबरात, म्हणजे बहुतेक वर्षी नेमका गणपतीच्या आगेमागे. जून-जुलैत आभाळाकडं डोळे लावून बसलेलं गाव त्या आठवड्यात पडद्याकडं डोळे लावून बसतं, आणि तेव्हाच तो येतो.

‘स्वदेस’मध्ये पाऊस येत नाही. लाईट जाते. आणि इथून पुढं गोवारीकरांची खरी हुशारी सुरू होते.

पडद्यावर चाललेला सिनेमा आहे ‘यादों की बारात’, नासीर हुसेन यांचा, १९७३ सालचा. लहानपणी ताटातूट झालेले तीन भाऊ शेवटी एका गाण्याच्या ओळखीनं एकत्र येतात, अशी त्याची गोष्ट. गावच्या पडद्यावर दाखवायला तेव्हाचे शंभर लोकप्रिय सिनेमे हाताशी होते; त्यातून हाच निवडला. त्यात बालकलाकार म्हणून झळकलेला आमिर खान पुढं गोवारीकरांच्याच ‘लगान’चा नायक झाला, तेव्हा निवडीत थोडी घरगुती गंमतही असेल. पण अर्थ त्याहून खोल आहे. ताटातुटीची गोष्ट मध्येच तुटते. पडद्यावरचे भाऊ भेटायचे राहतात आणि भेटायचं काम पडद्याखालच्या माणसांवर येऊन पडतं. लाईट गेली नसती, तर पुढच्यांनी आणि मागच्यांनी त्या भावांची भेट एकाच क्षणी बघितली असती, एकाच क्षणी डोळे पुसले असते आणि सगळे आपापल्या बाजूनं घरी गेले असते. सिनेमा पूर्ण झाला असता तर काहीच घडलं नसतं. हे सिनेमावाल्यानंच सांगणं, याला धिटाई लागते.

उघड्यावरच्या सिनेमाची सर्वांत मोठी अडचण कोणती, असं कुठल्याही ऑपरेटरला विचारा. वारा सुटला की पडदा शिडासारखा फुगतो, हे खरं. आवाज भिंतींना धडकून परत येत नाही, नुसता निघून जातो, हेही खरं. अंधार पडेपर्यंत हात बांधून बसावं लागतं. पण या सगळ्यावर उपाय असतो. लाईट गेली की संपलं. ‘लाईट गेली की ओ!’ हा उद्गार सोलापुरात ज्या सुरात निघतो, तो सूर लिहून दाखवता येत नाही. त्यात तक्रार कमी असते आणि ओळख जास्त. ‘स्वदेस’ आला आणि पाठोपाठ महाराष्ट्रात भारनियमनाची ती लांबलचक वर्षं सुरू झाली. माग बंद, पंखे बंद, पाण्याची मोटर बंद. त्या काळात हा सिनेमा टीव्हीवर बघताना, चरणपूरची लाईट जाण्याच्या सुमारास आमची स्वतःची गेली नाही असं क्वचितच झालं असेल. गोवारीकरांनी ही नेहमीची कटकट गोष्टीच्या बिजागरीला बसवली. आज सिनेमा बंद पाडणारी वीज पुढं गावानं स्वतः तयार करायची आहे. उत्तरार्धातला ओढ्यावरचा वीजप्रकल्प इथं पेरला जातो. नंदुरबार जिल्ह्यातल्या बिलगावात गावकऱ्यांच्या श्रमातून उभ्या राहिलेल्या छोट्या जलविद्युत प्रकल्पाचं नाव या संदर्भात नेहमी घेतलं जातं. पण प्रकल्प पुढचा. आधी अंधार.

अंधारात पडदा म्हणजे नुसतं कापड. त्यावर चित्र असतं तोवर आडोसा वाटत नाही. चित्र विझलं की तो आडोसा उघडा पडतो. माणसांच्या मध्ये काहीतरी टांगलेलं आहे, हे पहिल्यांदा दिसतं ते अंधार झाल्यावरच. मग मोहन भार्गव, नासामधला शास्त्रज्ञ, पोरांना गोळा करून दुर्बिणीतून तारे दाखवू लागतो. पडदा उभा टांगलेला होता, त्याला पुढं-मागं होतं. आभाळ डोक्यावर आडवं आहे, त्याला मागची बाजूच नाही. नजरेची दिशा समोरून वर नेली की बसायच्या जागांचा हिशेब आपोआप बिघडतो. सुटा तारा नुसताच चमकतो, चार-सात जोडले की आकृती होते, हे पोरांना कळू लागतं. याच्या भरात मोहन तो पडदा खाली ओढतो आणि पलीकडची पोरं अलीकडं येतात. नायक एकही वाक्य सुनावत नाही. एक टांगलेली वस्तू उतरवतो, एवढंच.

इथं माझी एक तक्रार आहे. गाण्यात पडदा फार सहज उतरतो. पडदा उतरवणारा अमेरिकेहून आलेला, ब्राह्मण, सगळ्यांचा पाहुणा आणि वर शाहरुख खान. पलीकडच्या एखाद्या पोरानं तो ओढला असता तर काय झालं असतं? गाणं झालं असतं का? हा प्रश्न ‘स्वदेस’ विचारत नाही. तो विचारायला आमच्याच जिल्ह्यातला माणूस यावा लागला. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त (२०१३) शेवटी जब्या नावाचा पोरगा दगड उचलतो आणि तो थेट आपल्या दिशेनं, कॅमेऱ्यावर येतो. चरणपुरात पलीकडची पोरं पडदा खाली पडण्याची वाट बघतात, ‘फँड्री’तला पोरगा पडद्यातून दगड मारतो. दोन्ही प्रसंग एकापाठोपाठ बघावेत. पहिल्यानं सुखावलेला माणूस दुसऱ्यानं ताठ बसतो.

तरी गोवारीकरांवर अन्याय नको. गाण्यातल्या सहजपणाचा हिशेब त्यांनी याच सिनेमात पुढं चुकता केला आहे. गावात शाळा चालवणाऱ्या गीताच्या जमिनीचा खंड वसूल करायला मोहन हरिदासच्या गावी जातो. हरिदास मूळचा विणकर. विणकामावर पोट भरेना म्हणून तो शेती करू लागला, तर जातीचा धंदा सोडला म्हणून गावानं त्याला वाळीत टाकलं. पैसे मागायला गेलेला मोहन त्याच्या घरी जेवतो आणि पैसे न घेता परत फिरतो. परतीच्या वाटेवर स्टेशनात पाणी विकणारं पोर, मातीचा पेला आणि डोळ्यांत पाणी आलेला नायक, हा प्रसंग सगळ्यांना पाठ आहे. मला मात्र हरिदास विसरता येत नाही, कारण मी विणकरांच्या गावात राहतो. इथं १८७७ मध्ये पहिली कापड गिरणी सुरू झाली. गिरण्या गेल्या, हातमाग गेले, यंत्रमाग कसेबसे चालू आहेत. माग सोडून रिक्षा घेतलेली, पुण्याला कंपनीत गेलेली घरं प्रत्येक गल्लीत आहेत. गावकुसाआड टाकलेला हरिदास आणि चौकात ताणलेला पडदा यांचा संबंध सिनेमा तोंडानं सांगत नाही. पण ते कापड कोणीतरी विणलेलं आहे, आणि विणणाऱ्याला त्याच्या मागच्याच बाजूला बसवलेलं आहे, हे एकदा लक्षात आलं की मग तो प्रसंग पहिल्यासारखा दिसत नाही.

सोलापुरी चादरीची एक खोड आहे. तिला उलटी बाजू नसते. एकीकडं पांढऱ्यावर लाल फूल असेल तर दुसरीकडं लालवर पांढरं. नक्षी तीच, रंगांची अदलाबदल. कुठलीही बाजू वर करून अंथरा. चरणपूरचा पडदा असा असता तर गोष्टच घडली नसती.

‘स्वदेस’मध्ये उघड्यावरचा खेळ दोनदा येतो, हेही सांगायला हवं. दुसरा म्हणजे दसऱ्याची रामलीला. तिथं पडदा नाही, मंच आहे, मशाली आहेत, रावण जळतो आणि सगळं गाव एकत्र बसलं आहे. सिनेमाच्या रात्री जे घडलं ते टिकलं का, याचं उत्तर दिग्दर्शक त्या गर्दीतून देऊ बघतो. प्रसंग म्हणून तो मला सिनेमाच्या रात्रीइतका पकडत नाही. सीतेची हाक, नायकाचं उत्तर, सगळं फार नेटकं बांधलं आहे. पहिल्या प्रसंगात निदान वीज कोणाच्या सांगण्यावरून गेली नव्हती.

खरा फिरता सिनेमा बघायचा असेल तर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट गाठावा. महाराष्ट्रातल्या जत्रांतून फिरणाऱ्या तंबू टॉकीजवाल्यांच्या मागं ही दोघं काही वर्षं फिरली. २०१६ मध्ये कान महोत्सवात त्याची खास दखल घेतली गेली आणि नंतर राष्ट्रीय पुरस्कारांतही परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. त्यात एक प्रकाश नावाचे कारागीर आहेत, प्रोजेक्टर दुरुस्त करणारे. त्यांनी स्वतःच्या डोक्यानं तेलात चालणारा प्रोजेक्टर तयार केला, तोही नेमका रिळांचा जमाना संपत आला तेव्हा. ते ज्या प्रेमानं ते यंत्र उघडून दाखवतात ते बघताना, ‘स्वदेस’च्या त्या रात्री प्रोजेक्टर चालवणारा माणूस कोण होता, असा प्रश्न मला पहिल्यांदा पडला. लाईट गेल्यावर त्याचं काय झालं? त्याला पैसे मिळाले का? सगळे तारे बघत असताना तो बहुधा मशीन झाकत होता.

आता गणपतीत, जत्रेत, क्रिकेटच्या सामन्याला एलईडी वॉल लावतात. ती ऐन संध्याकाळीही लख्ख दिसते, वाऱ्यानं फुगत नाही, रीळ बदलावं लागत नाही. लाईट गेली तर जनरेटर तयार. तक्रारीला जागा नाही. फक्त तिच्या मागं बसता येत नाही. तिथं लोखंडी सांगाडा आणि वायरींची भेंडोळी असतात. मागं बसणाऱ्यांना उलटं का होईना दिसत होतं, ते आता अजिबात दिसत नाही.

म्हणून सोलापूरच्या मंडळांना एक विनंती. येत्या गणपतीत एका रात्री वॉल बाजूला ठेवावी आणि रीतसर परवानगी काढून, साध्या कापडी पडद्यावर ‘स्वदेस’ दाखवावा. पडदा भिंतीला टेकवू नये, चौकाच्या मधोमध बांधावा, आणि पुढच्या रांगेत बसायचा मान असलेल्यांना, मला धरून, मागं बसवावं. सिनेमा तीन तासांहून मोठा आहे. अंधार पडून सुरू करायला सात वाजतात, म्हणजे ध्वनिक्षेपकाची रात्री दहाची मर्यादा पाळता येणार नाही. तेव्हा ज्या दिवसांत प्रशासन रात्री बारापर्यंत ध्वनिक्षेपकाला सूट देतं, त्यांतलाच एक दिवस धरावा. आणि ताडपत्री जवळ ठेवावी, महिना सप्टेंबरचा आहे.